डोळ्याचा आजार, मग पोटाची सोनोग्राफी कशाला?

दीड वर्षाचं मूल. दोन्ही डोळ्यांत बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा जन्मापासूनच नाही. उजेडात आणलं की डोळे घट्ट मिटून आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी लिहून दिली: रक्ताची जनुकीय तपासणी, आणि दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. ती चिठ्ठी घेऊन आई आमच्या लॅबच्या खिडकीशी आली. "मॅडम, ही दुसऱ्या कुणाची चिठ्ठी तर नाही ना आली आमच्याकडे? याच्या डोळ्याला झालंय हो, पोटाला काहीच नाही."

चिठ्ठी तिचीच होती. मागे रांग उभी असताना खिडकीतून जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. पण तिच्या प्रश्नाचं पुरं उत्तर मोठं आहे. ते डोळ्यापासून सुरू होतं, गर्भातली किडनी कशी तयार होते तिथून जातं आणि लहान मुलांच्या एका कॅन्सरपाशी येतं.

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांचे केसपेपर काढून बसून चाळले. विल्म्स ट्यूमर म्हणजे लहान मुलांच्या किडनीत होणारा कॅन्सर. साधारण दहा हजार मुलांमागे एकाला होतो, आणि बहुतेकांना पाच वर्षांच्या आतच. त्या गठ्ठ्यात त्यांना सहा मुलं अशी सापडली, की ज्यांच्या डोळ्यांत तो रंगीत पडदाच नव्हता. सहा म्हणजे किरकोळ आकडा वाटेल. पण हा दोष पन्नास हजार ते एक लाख जन्मांमागे एखाद्याच बाळात दिसतो. त्या हिशेबाने ४४० मुलांत एकही सापडायला नको होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी अशा मुलांची गुणसूत्रं नीट पाहिली गेली, तेव्हा उलगडा झाला. अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा एक तुकडाच गळालेला होता. त्या तुकड्यावर डोळा घडवणारं पॅक्स-६ हे जनुक असतं, आणि त्याच्या शेजारी, डीएनएची सहा-सात लाख अक्षरं सोडून, डब्ल्यूटी-१, ज्याच्या बिघाडाने विल्म्स ट्यूमर होऊ शकतो. सहा-सात लाख म्हणजे लांब वाटतं, पण अख्ख्या अकराव्या गुणसूत्रावर साडेतेरा कोटी अक्षरं आहेत. त्यात हे दोघे एकाच चाळीतले लगतचे बिऱ्हाडकरू. चाळीचा तो कोपरा ढासळला की दोघांचीही घरं जातात, मग त्यांचं एकमेकांशी जाणं-येणं असो वा नसो. डोळ्याच्या डॉक्टरांना दिसतो तो पडलेला एक कोपरा. शेजारचं घर शाबूत आहे का, हे पाहायला रक्ताची तपासणी. आणि ते कळेपर्यंत सोनोग्राफी.

डब्ल्यूटी-१ हे जनुक नेमकं हाती लागलं १९९० मध्ये, दोन वेगवेगळ्या गटांना, एकाच वर्षी. त्याची नोंद 'ट्यूमर सप्रेसर' या वर्गात झाली, म्हणजे गाठ होऊ न देणारं जनुक. हा शब्द आला की समजावणारे लोक लगेच गाडीचा ब्रेक काढतात किंवा चौकातला पोलीस उभा करतात. काही जनुकांना ती उपमा चालते. डब्ल्यूटी-१ ला मला ती कधीच पटली नाही. जनुकांची नावं बरेचदा ती काय करतात यावरून पडत नाहीत, ती बिघडली की काय होतं यावरून पडतात. घरातला गवंडी गेला आणि भिंत अर्धवट राहिली, म्हणून त्याला कुणी 'अर्धवट-भिंत-रोधक' म्हणत नाही. डब्ल्यूटी-१ गवंडीकाम करतं. किडनी बांधून पुरी करायची हे त्याचं काम आहे, आणि काम पुरं झालं की गाठ व्हायला मालच शिल्लक राहत नाही.

तर आधी हे बांधकाम पाहू.

गर्भ पाच आठवड्यांचा असताना त्याच्या कमरेच्या भागात दोन्ही बाजूंना पेशींचा एकेक सैलसर पुंजका असतो. त्याच्याजवळून जाणाऱ्या एका नळीला कोंब फुटतो. पुंजक्यातल्या पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडून त्या कोंबाला हाक मारतात, कोंबाच्या टोकावरचं रेट नावाचं प्रथिन ती हाक ऐकतं, आणि कोंब वाढत वाढत पुंजक्यात शिरतो. आत शिरला की त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकावर पुंजक्यातल्या थोड्या पेशी टोपी घातल्यासारख्या जमतात. आता निरोप उलट्या दिशेने जातो. नळी त्या पेशींना सांगते, तुम्ही नेफ्रॉन व्हा. नेफ्रॉन म्हणजे किडनीतली एकेक गाळणी आणि तिची शेपूट. मग सैल पेशी एकमेकींना चिकटतात. आधी पोकळ मणी, मग स्वल्पविरामासारखा बाक, मग इंग्रजी एसचा आकार, आणि शेवटी एक लांब, वळणावळणाची नळी. तिचं एक टोक रक्तवाहिन्यांच्या गुंत्याला कवेत घेतं, तिथे रक्त गाळलं जातं. दुसरं टोक कोंबाच्या फांदीला जोडलं जातं, तिथून लघवी बाहेर.

यात एक अडचण आहे. टोपीतल्या सगळ्याच पेशी एकदम नेफ्रॉन झाल्या, तर पुढच्या फांदीला टोपी कुठून येणार? याचं उत्तर कुठल्याही स्वयंपाकघरात आहे. दही सगळं कुणी खात नाही, चमचाभर विरजणाला बाजूला काढतात. गर्भातली किडनी तेच करते. काही पेशी कामाला लागतात, काही मागे राहून आपली संख्या वाढवत बसतात. या मागे राहिलेल्या पेशींना मी पुढे विरजणच म्हणेन. पुस्तकी शब्द ब्लास्टेमा.

मात्र घरातलं विरजण वर्षानुवर्षं चालतं, किडनीतलं नाही. गरोदरपणाच्या ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास उरलेलं सगळं विरजण लावून टाकलं जातं, भांडं रिकामं होतं. त्यानंतर माणसाला जन्मभरात एकही नवा नेफ्रॉन मिळत नाही. सरासरी एका किडनीत दहा लाख. पण कुणाला दोन-अडीच लाखच, तर कुणाला वीस लाख. निम्म्याहून जास्त नेफ्रॉन शेवटच्या तीन महिन्यांत होतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या रक्तदाबावर आणि किडनीवर मोठेपणी लक्ष ठेवायला सांगतात ते यामुळे.

या सगळ्यात डब्ल्यूटी-१ तीनदा कामाला येतं. पहिल्यांदा सुरुवातीच्या पुंजक्यात, तिथल्या पेशी जगवायला. १९९३ मध्ये जॉर्डन क्राइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधून या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या. पुंजका तयार झाला, पण त्यातल्या पेशी मरून गेल्या. कोंब फुटलाच नाही, आणि किडनी झालीच नाही. पिल्लं गर्भातच गेली.

दुसऱ्यांदा ते लागतं विरजणाचं दही होताना. सैल पेशींना चिकटायला लावणारा एक निरोप विंट-४ नावाच्या प्रथिनाचा, आणि तो सुरू करायला डब्ल्यूटी-१ हवं. तिसऱ्यांदा, आणि हे अनेकांना माहीत नसतं, किडनी पूर्ण झाल्यावर. गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, बोटांत बोटं गुंफल्यासारख्या. त्या फटींतून पाणी जातं, प्रथिनं जात नाहीत. या पेशींमध्ये डब्ल्यूटी-१ आयुष्यभर चालू राहतं. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कोडं असं, की ज्या जनुकावाचून किडनीच होत नाही, ते गेल्यावर किडनीत गाठ कशी होईल? आधी किडनी तर हवी. याचं उत्तर वेळेत आहे. अगदी सुरुवातीला सगळ्या पेशींतून गेलं, तर काहीच उभं राहत नाही. पण बांधकाम जोरात चालू असताना, लाखो पेशींपैकी एखाद्या विरजणपेशीतूनच गेलं, तर बाकीची किडनी व्यवस्थित होते आणि त्या एका पेशीला नेफ्रॉन व्हायचं जमत नाही. तिला वाढायचं तेवढं ठाऊक असतं. २०११ मध्ये उंदरांवर हेच करून दाखवलं गेलं: वाढत्या किडनीतल्या थोड्याच पेशींमधून डब्ल्यूटी-१ काढलं आणि सोबत आयजीएफ-२ या वाढीच्या प्रथिनाचा पुरवठा वाढवला. पिल्लांना गाठी झाल्या, मुलांसारख्याच.

अशी गाठ ऑपरेशननंतर आमच्या टेबलावर येते तेव्हा हे सगळं डोळ्यांनी दिसतं. सुरीने कापली की आतून फिकट, मऊसर, खरवसासारखी. (पॅथॉलॉजीवाल्यांना प्रत्येक आजारात खाण्याचे पदार्थ का दिसतात, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.) खऱ्या किडनीचा पातळसा काठ एका बाजूला ढकलला गेलेला. मग स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावायची. एका भागात गच्च निळ्या, बारक्या पेशींची गर्दी; ते विरजण. थोडं सरकवलं की त्याच पेशी गोल गोल उभ्या राहिलेल्या, मध्ये पोकळी, म्हणजे नळी करायचा प्रयत्न. मध्येच गाळणीसारखा एखादा गुंता, पण रक्तवाहिनीशिवाय, बिनकामाचा. आणि यांच्यामध्ये फिकट गुलाबी धाग्यांचा भराव, त्यात कधी कधी चक्क आडव्या पट्ट्यांचा स्नायू, दंडात असतो तसा. डब्ल्यूटी-१ बिघडलेल्या गाठींत हा स्नायू जास्त आढळतो. मोठ्या माणसाच्या किडनीच्या कॅन्सरमध्ये यातलं काही दिसत नाही. ती झिजलेल्या, बिघडलेल्या पेशींची गाठ असते. ही आठव्या आठवड्यातल्या गर्भाची किडनी आहे, जी तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात अजून तिथेच अडकून पडली आहे.

जर्मन सर्जन माक्स विल्म्स यांनी १८९९ साली, जनुक हा शब्दही नव्हता तेव्हा, या मिश्र गाठींवर पुस्तक लिहून हेच म्हटलं होतं, की यांचं मूळ गर्भातल्या न घडलेल्या पेशींत आहे. गाठीला त्यांचं नाव पडलं. १९१८ मध्ये ते घटसर्पाने गेले.

आता राहिलं ते दोन प्रतींचं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक. एक बिघडली तरी दुसरी काम रेटते. गाठ व्हायला एकाच पेशीत दोन्ही बिघडाव्या लागतात. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या आतल्या, उजेड टिपणाऱ्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कॅन्सरची ४८ मुलं अभ्यासून हा हिशेब मांडला, आणि १९७२ मध्ये लुईस स्ट्राँग यांच्यासोबत तो विल्म्स ट्यूमरला लावला. ज्या मुलाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत जन्मतःच एक प्रत गेलेली असते, त्याला कुठल्याही एका विरजणपेशीतली उरलेली प्रत गमावणं पुरतं. अशा पेशी लाखो. म्हणून या मुलांना गाठ लवकर होते, आणि दोन्ही किडन्यांत होण्याची शक्यता जास्त. आपल्या खिडकीवरच्या मुलाचं नेमकं असंच आहे. पॅक्स-६ आणि डब्ल्यूटी-१ दोन्ही गेलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे गाठ होते.

इथे एक विचित्र गोष्ट. जनुकाची एक प्रत पूर्ण गेली, तर दुसरी निम्मं काम करते आणि किडनी बऱ्यापैकी तयार होते. पण प्रत जागेवर असून तिच्यात एखादंच अक्षर चुकीचं असलं, तर काही मुलांचं जास्त वाईट होतं. १९६७ मध्ये बेल्जियममधल्या डेनिस यांनी आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या ड्रॅश यांनी अशी मुलं वर्णन केली: लघवीतून प्रथिनं वाहून जातात, बहुतेकांची किडनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच निकामी होते, जननेंद्रियांची घडण अर्धवट, आणि गाठीचा धोका मोठा. गैरहजर कामगाराची जागा दुसरा कसाबसा भरून काढतो. हजर राहून उलटं काम करणारा मात्र शेजारच्यालाही काम करू देत नाही. चुकीचं प्रथिन चांगल्या प्रथिनाला असंच अडवतं.

इथवर गोष्ट नीटनेटकी वाटली असेल. ती तशी नाही. डब्ल्यूटी-१ सापडलं तेव्हा विल्म्स ट्यूमरचं कारण मिळालं असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दहा ते वीस टक्के गाठींतच ते बिघडलेलं असतं. बाकीच्यांची तऱ्हा वेगळी. त्याच गुणसूत्रावर थोडं टोकाकडे आयजीएफ-२ बसतं. त्याच्या दोन प्रतींपैकी वडिलांकडून आलेलीच बोलते, आईकडून आलेली गप्प ठेवलेली असते. हे गप्प ठेवणं सुटलं किंवा आईची प्रत जाऊन तिथे वडिलांचीच दुसरी आली, तर वाढीचं प्रथिन दुप्पट. जन्मतःच मोठी जीभ, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा थोराड, अशी जी बाळं असतात त्यांच्यात हाच गोंधळ अनेकदा सापडतो, आणि त्यांनाही सोनोग्राफी करत राहायला सांगतात. सुमारे ७० टक्के गाठींत या जागी काहीतरी बिनसलेलं असतं. २००७ मध्ये एक्स गुणसूत्रावर डब्ल्यूटीएक्स हे आणखी एक जनुक सापडलं. तिथे नडसनचा दोन तडाख्यांचा हिशेब चालत नाही, कारण मुलग्यांत एक्स एकच आणि मुलींत दोनपैकी एक झोपवलेला. एक तडाखा पुरे. शिवाय ड्रोशासारखी जनुकं, जी पेशींना बालपणीचे निरोप बंद करायला मदत करतात. यादी लांबते. पण धागा तोच राहतो: विरजण वेळेवर संपलं नाही.

न संपलेलं विरजण म्हणजे कॅन्सरच असंही नाही. शंभरातल्या एखाद्या बाळाच्या किडनीत जन्मताना असे छोटे ठिपके राहिलेले असतात. त्यातले बहुतेक आपोआप विरून जातात. एका किडनीत गाठ झालेल्या मुलांपैकी सुमारे ३५ ते ४० टक्क्यांच्या उरलेल्या किडनीत ते दिसतात. दोन्ही किडन्यांत गाठी असतील तर जवळजवळ सगळ्यांच्या. २०१९ मध्ये तर याहून पुढची गोष्ट कळली. २३ पैकी १४ मुलांमध्ये गाठीशेजारचा, मायक्रोस्कोपखाली अगदी निरोगी दिसणारा किडनीचा भाग गाठीच्याच मूळ पेशीपासून झालेला निघाला. म्हणजे बिघाड आधी झाला, त्यातून चांगले दिसणारे नेफ्रॉनही झाले आणि गाठही. मी ज्या काठाला इतकी वर्षं 'नॉर्मल' असं लिहून सही केली, तो सगळाच तेवढा नॉर्मल नव्हता.

पालक यात एकच प्रश्न विचारतात, बहुतेकदा आई, आणि हळू आवाजात. गरोदर असताना ग्रहणात मी भाजी चिरली होती, त्याने झालं का? पपई खाल्ली होती. पडले होते. यातल्या कशानेही होत नाही. पेशी विभागताना कोट्यवधी अक्षरांची नक्कल होते, त्यात कुठेतरी चूक राहते. विल्म्स ट्यूमरच्या शंभर मुलांमागे एखाद-दुसऱ्याच घरात तो आधी कुणाला झालेला असतो. सासरच्या रक्ताचा आणि माहेरच्या रक्ताचा वाद घालायला इथे काही नाही.

गाठ सापडते तीही बहुतेकदा घरातच. आंघोळ घालताना आजीच्या हाताला पोटाच्या एका बाजूला कडक लागतं, मूल मात्र हसतखेळत असतं. अशा वेळी घरातल्या प्रत्येकाने पोट दाबून बघू नये. गाठीचं आवरण पातळ असतं, फुटलं तर पेशी पोटभर सांडतात. वॉर्डात अशा मुलाच्या खाटेवर 'पोट दाबू नये' अशी पाटी लावलेली असते ती यासाठी.

उपचार शस्त्रक्रिया आणि केमोचा, गरज पडली तर रेडिएशनचा. मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं ॲक्टिनोमायसिन डी बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी पन्नासच्या दशकात या मुलांना दिलं. दुसरं नेहमीचं औषध, व्हिन्क्रिस्टिन, निघतं सदाफुलीतून. आपल्या अंगणात, कुंडीत, रस्त्याच्या कडेला असते तीच. (तिचा रस घरी काढून देऊ नका; तो विषारी आहे आणि सलाईनमधल्या मोजलेल्या थेंबाशी त्याचा संबंध नाही.) सगळी सोय असलेल्या देशांत आज दहातली नऊ मुलं वाचतात. आपल्याकडे गाठ मोठी होईपर्यंत उशीर होतो, कधी गाव लांब म्हणून उपचार मध्येच सुटतात, आणि तिथे आपण मुलं गमावतो.

केमोनंतर कधी असं होतं, की स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसते आणि घरचे खचतात. काढून पाहिली तर आत निळं विरजण जवळजवळ उरलेलं नसतं; बहुतेक पिकलेला स्नायूच असतो. केमो मारते वाढणाऱ्या पेशींना. स्नायू झालेली पेशी वाढत नाही, म्हणून ती जागेवर राहते, आणि ती फारसं वाईटही करत नाही. त्या रिपोर्टवर सही करताना बरं वाटतं.

खिडकीवरच्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट आला. तुकड्यात दोन्ही जनुकं गेलेली होती. शेजारचं घर उभं निघालं असतं, तर सोनोग्राफी तिथेच बंद झाली असती. आता ती चालू राहील, साधारण सातव्या वाढदिवसापर्यंत. त्यानंतर विरजणाचा धोका फार थोडा उरतो. तीन महिन्यांचं अंतर यासाठी, की ही गाठ झपाट्याने वाढते आणि वर्षाकाठी एकदा पाहून ती लहान असताना हाती लागत नाही. सातव्या वर्षी सोनोग्राफी थांबेल तेव्हा त्याच्या आईला वाटेल, सुटलो. पण लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब तपासणं त्याला पुढेही लागणार आहे, दहावी-बारावीतही. पोडोसाइटना डब्ल्यूटी-१ आयुष्यभर हवं असतं, आणि त्याच्याकडे त्याची एकच प्रत आहे.